पापडवाले सर

"पापड भाजता येते काय वं तुले?"

एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी मी सरांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी गुणपत्रिकांची फाईल छातीशी धरून उभी होते. सोलर सेलवर दोन आठवडे वाचून, उत्तरं पाठ करून आले होते. पापडाचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं, पण भाजता येत होता. 'हो' म्हणाले. सरांनी टेबलाखालून तांदळाच्या पापडांचा डबा काढला, विजेच्या शेगडीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

मी भाजलेला पापड त्यांनी दोऱ्याला बांधून खिडकीजवळच्या खिळ्याला टांगला आणि घड्याळ पाहिलं.

"आता एक घंटा थांब."

तासभर मी थांबले. मग सर उठले, पापडाचा कोपरा मोडून कानाजवळ नेला. 'कट्' असा आवाज आला.

"आज थर बसन," ते म्हणाले. "चाल, हात धुव."

माझी मुलाखत एवढीच झाली.

आम्ही ज्या पदार्थाचे सेल करत होतो त्याचं नाव पेरोव्स्काइट. काचेवर त्याचा केसापेक्षा कितीतरी पातळ थर बसवला की तो उन्हातून वीज काढतो, आणि चांगली काढतो. पण त्याला ओलावा सहन होत नाही. मोठ्या संस्थांतून हे काम बंद पेटीत, कोरड्या वायूत चालतं. आमचं कॉलेज गोंदियाचं. चहूकडे तलाव आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, वर्षातले निम्मे महिने हवा ओल्या फडक्यासारखी. म्हणून सरांचा पापड. तो कडक राहिला तर काम करायचं, वाकला तर फक्त वाचन.

ओलावा मोजायचं मीटर नव्हतं असं नाही. होतं. सरांनी एक आख्खं वर्ष रोज मीटर आणि पापड दोन्ही बघून वहीत नोंद ठेवली होती आणि त्याचा आलेखही काढला होता. त्या आलेखात पापड कुठे वाकतो ते स्वच्छ दिसत होतं. "मीटरचा सेल संपते," ते म्हणायचे, "पापडाचा नाही संपत." पापड मात्र संपायचा. संध्याकाळी तो आमचे प्रयोगशाळा परिचर मडावी भाऊ खायचे. कॉलेजातली मुलं सरांना मागे 'पापडवाले सर' म्हणत, आणि हे सरांना ठाऊक होतं.

सर उंच, किडकिडीत. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. खिशात पेनाच्या जागी घड्याळजीचं भिंग. नागऱ्याहून सायकलने यायचे. पिढीजात पोवार शेतकरी, घरची धानाची शेती. सकाळी बांधीत जाऊन आलेला माणूस साडेदहाला वर्गात उभा. नखांत चिखल दिसायचा, पण सेलच्या खोलीत शिरण्याआधी तेच हात ते इतका वेळ धुवायचे की मडावी भाऊ म्हणत, "सरजी, चमडी तो रहने दो."

बोलीही त्यांनी कधी बदलली नाही. बांधीवर, वर्गात, परिषदेत, सगळीकडे एकच. नागपूरच्या एका परिषदेत ते सांगत होते, "आता इलेक्ट्रॉन इथं अडकून राहिले. काऊन अडकून राहिले, तर..." समोरून कुणीतरी इंग्रजीत बोलण्याची विनंती केली. सरांनी पडद्यावरच्या इंग्रजी मजकुराकडे हात केला. "कागद इंग्रजीत हाये ना, बाप्पा. तोंड माह्यं हाये." आणि पुढचं वाक्य सुरू केलं. मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. पण भाषण संपल्यावर प्रश्न विचारायला सर्वांत जास्त माणसं त्यांच्याभोवती होती, हेही सांगायला हवं.

आमचं काम पेरोव्स्काइटवर होतं असं म्हणणं तसं चुकीचंच. आमचं काम त्याच्या दोन बाजूंच्या थरांवर होतं. ऊन पडलं की मधल्या काळ्या थरात ऋण आणि धन असे दोन भार सुटे होतात. ते एकमेकांना भेटण्याआधी वेगवेगळ्या दिशांनी बाहेर काढावे लागतात, नाहीतर भेटून तिथेच विझतात. एका बाजूचा थर फक्त ऋण भाराला जाऊ देतो, दुसऱ्या बाजूचा फक्त धन भाराला. हे दोन थर जितके चांगले तितकी वीज बाहेर येते. सर मला म्हणाले होते, "मदचा थर राजा हाये. साऱ्या जगाचे लोक राजाच्या मांगं पडले. आपन दरवान पाहू."

सामान सगळं सरांच्या हातचं. काच गरगर फिरवायचं यंत्र जुन्या कॉम्प्युटरच्या मोटारीचं. बंद पेटीसाठी बाजारातून माशांची काचेची टाकी आणली होती. दुकानदाराने विचारलं होतं, "सर, मछली नहीं रखनी तो टंकी कायको?" ती उलटी ठेवून तिच्या एका बाजूला दोन भोकं पाडली आणि त्यांत गुरांच्या डॉक्टरकडचे खांद्यापर्यंतचे हातमोजे बसवले. पहिल्या दिवशी त्या हातमोज्यांत हात घालताना मला हसू आवरेना. सर गंभीर. "गाय तपासाचे मोजे हायेत. मजबूत असतात. हासू नको, काच हालते."

काम जमलं नाही की ते वहीत 'अपयश' लिहीत नसत. तारीख, हवा, पापड, काय केलं ते सगळं लिहून शेवटी दोन शब्द, 'आज नाही'. पानंच्या पानं 'आज नाही'. मी पहिल्या वर्षी त्या वह्या चाळताना घाबरले होते. नंतर मीही तसंच लिहू लागले.

एका बाबतीत मात्र सरांचा आवाज चढायचा. आमच्या पदार्थात शिसं असतं. धुतलेल्या पाण्याचा थेंब बेसिनमध्ये गेलेला त्यांना चालत नसे. सगळं पाणी बरण्यांत भरायचं, चिठ्ठी लावायची, कपाटात कुलूप. एकदा मी घाईत एक चंचुपात्र नळाखाली धरलं. सर धावत आले आणि माझ्या हातातून ते काढून घेतलं. "ह्या नालीचं पानी कोनाच्या बांधीत जाते, तुले माहीत हाये?" मला माहीत नव्हतं. त्यांनी मला त्याच वेळी उन्हात बाहेर नेलं आणि नालीच्या कडेने चालत चालत ती बांधी दाखवून आणली.

धन भाराच्या बाजूच्या दरवानाने आम्हाला फार छळलं. सगळे वापरतात ती भुकटी परदेशी, सोन्याहून महाग, आणि ती चालावी म्हणून तिच्यात एक क्षार घालावा लागतो. तो क्षार पावसाळ्यातल्या मिठासारखा पाणी ओढतो. म्हणजे ज्या ओलाव्याला बाहेर ठेवायचं त्यालाच आत बोलवायचं. सरांनी त्या भुकटीला रामराम ठोकला आणि तांब्याचं एक स्वस्त, पांढुरकं संयुग धरलं. ते पाण्याला दाद देत नाही. पण ज्या द्रवात ते विरघळतं त्याला सडलेल्या लसणाचा वास.

दुपारच्या तासाला वरच्या मजल्यापर्यंत वास गेला. कुणी गॅस सिलेंडर गळतोय म्हणालं, कुणी उंदीर मेला म्हणालं. प्राचार्य नाकाला रुमाल लावून आले.

"सर, मुलं वर्गात बसत नाहीयेत."

"बसतील कशी? मीच बाहेर येऊन बसलो," सर म्हणाले.

प्राचार्यांनी हे काम बंद करायला सांगितलं. सर म्हणाले, काम बंद होणार नाही, पण जागा बदलता येईल. कॉलेजच्या मागे सायकल स्टँडजवळ खेळाचं मोडकं सामान ठेवायची एक खोली होती. ती त्यांनी मागून घेतली. एका दिवसात सर, मडावी भाऊ आणि मी हातगाडीवरून सगळं सामान हलवलं, हवा बाहेर फेकणारे दोन मोठे पंखे बसवले. घरी वेगळंच. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, मला म्हणाल्या, "पोरी, श्रावन चालू हाये. शेजारी म्हन्तात, गुरुजी लसनाची चटनी खाऊन येतात." सरांचा शर्ट त्या अंगणात वेगळ्या तारेवर वाळत घालू लागल्या.

त्या खोलीत दुसऱ्या हिवाळ्यात तो सेल झाला.

काचेवर टिन ऑक्साइडचा थर, त्यावर पेरोव्स्काइट, त्यावर तांब्याचा, आणि सगळ्यात वर कार्बनच्या लेईचा चौकोन. चौकोन नीट यावा म्हणून मी चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायची, मध्ये लेई पसरायची, वाळल्यावर पट्टी काढायची. दिव्याखाली धरला तर आकडा, म्हणजे पडलेल्या उजेडाची शेकडा किती वीज होते तो, एवढा वर गेला की मी तार सुटलीय का ते पाहिलं. सर म्हणाले, "परत घे." चार वेळा घेतला, चारही वेळा तोच. त्यांनी वहीत सगळं लिहिलं आणि शेवटी दोन शब्दांऐवजी एकच लिहिला, 'आज'.

पुढचं भराभर झालं. आम्ही निबंध पाठवला, तो एका चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला. इथल्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला. माझ्या बाबांनी ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तिरोड्याच्या बाजारात भेटेल त्याला दाखवू लागले. आमचं गाव बोदलकशाच्या तलावाच्या बाजूचं. बाबा दुसऱ्याची जमीन ठेक्याने घेऊन धान करतात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यातच एका कॉलेजात प्राध्यापकाच्या कायम जागेची मुलाखत ठरली. स्वीकारलेल्या निबंधाला तिथे वजन होतं. मला वाटलं, झालं.

एक दिवस दुपारी सर जुने सेल डब्यात लावून ठेवत होते. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. त्यांनी तो 'आज'वाला सेल उन्हात धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ हलले नाहीत.

"इकडं ये वं."

मी भिंगातून पाहिलं. कार्बनच्या काळ्या चौकोनाभोवती एक करडी किनार होती. लेई पट्टीच्या खाली झिरपून पसरली होती. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नव्हती, पण चारी बाजूंनी होती. आकडा काढताना आम्ही वीज भागिले क्षेत्रफळ करायचो आणि क्षेत्रफळ धरायचो पट्टीच्या आतल्या चौकोनाचं.

सरांनी सुई घेऊन ती किनार खरवडून काढली. सेल पुन्हा दिव्याखाली धरला. आकडा खाली आला. थोडाथोडका नाही, चांगला खाली. त्याच पट्टीने केलेले बाकीचे सेल काढले. सगळ्यांना किनार.

"बांधी मोठी, सातबाऱ्यावर लहान लिवली आपन," सर म्हणाले. "मंग एकरी उतारा वाढनच ना."

शेतकऱ्याच्या मुलीला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. 

"सर, पेपर स्वीकारला गेलाय."

"हो."

"छापून यायला थोडेच दिवस आहेत."

"म्हनून आजच चिठ्ठी धाडू. वापस घेतो म्हनून."

"थर खरंच चांगला झालाय, सर. जुन्यापेक्षा चांगला आहेच. आकडा थोडा इकडेतिकडे असेल. पुढच्या महिन्यात माझी मुलाखत आहे." माझा आवाज चढला होता. "कोणाला कळणार आहे?"

सरांनी भिंग खिशात ठेवलं.

"तुले कळलं?"

मी सेल परत डब्यात लावू लागले.

"कळलं का नाही?"

"कळलं."

"मले बी कळलं. म्हंजे दोघायले कळलं. अजून कितीकायले पायजे?"

ते लिहीत गेले आणि मी टाईप केलं. मोजमापात चूक झाली, निबंध मागे घेत आहोत, आणि मार्गदर्शक म्हणून चूक माझी. 'माझी' म्हणजे त्यांची. पट्टी लावली होती मी, क्षेत्रफळ धरलं होतं मी. ते वाक्य टाईप करताना मी ते बदला असं म्हटलं नाही. रागात होते. चिठ्ठी गेल्यावर मी पिशवी उचलली आणि गावी निघून गेले.

मागे काय झालं ते मला मडावी भाऊंकडून नंतर कळलं. सर वर्तमानपत्राच्या बातमीदाराकडे गेले आणि दुरुस्ती छापा म्हणाले. तो म्हणाला, असं कुणी छापत नाही. मग सरांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहून कॉलेजच्या सूचना फलकावर लावला. 'वर्तमानपत्रात आलेला आकडा चूक आहे. बरोबर आकडा मोजल्यावर येथे लावू.' मुलं त्याचे फोटो काढून हसत होती. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाले, स्वतःच्या हाताने स्वतःची फजिती करून घेणारा माणूस प्रथमच पाहिला. सरांनी चहा संपवला आणि खोलीकडे गेले.

मी मुलाखतीला गेले. स्वीकारलेल्या निबंधाचा रकाना कोरा ठेवला. निवड झाली नाही. घरी कारण सांगितलं नाही. बाबा कात्रण दाखवतच होते, आणि ते खिशाकडे हात नेत तेव्हा मी उठून आत जायची. असे महिने गेले. उन्हाळा संपला, धानाची रोवणी लागली.

रोवणीच्या तिसऱ्या दिवशी बांधावर एक मोटारसायकल थांबली आणि मागच्या सीटवरून सर उतरले. तिरोड्यापर्यंत बसने येऊन पुढे कुणाच्या तरी मागे बसून आले होते. मी गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी. बाबा धावले.

"गुरुजी, घरी चाला. इथं चिखल हाये."

"चिखल माह्या घरी बी हाये," सर म्हणाले. त्यांनी पँट वर दुमडली, शर्टाच्या बाह्या सारल्या, एक जुडी उचलली आणि बायकांच्या रांगेत शेवटी उभे राहिले.

बायका एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावू लागल्या. पण थोड्याच वेळात थांबल्या, कारण सरांचा हात त्यांच्याहून जलद चालत होता. सरळ ओळ, सारखं अंतर. ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाबा दोनदा म्हणाले, "राहू द्या, गुरुजी." सर म्हणाले, "राहू कायले द्यू? परे सुकून राहिले."

दुपारी आईने बांधावरच जेवण वाढलं. भात आणि तलावातल्या मासळीचा रस्सा. जेवण झालं, हात धुतले आणि बाबांनी खिशातून ती प्लास्टिकची पिशवी काढून अभिमानाने सरांपुढे धरली. मला पळून जावंसं वाटलं.

सरांनी कात्रण पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "भाऊ, हा आकडा चूक हाये."

बाबांना आधी कळलं नाही.

"मोजण्यात चूक झाली. पेपर वापस घेतला म्या. चूक माही. पोरीचं काम बरोबर हाये."

बाबा कधी सरांकडे, कधी माझ्याकडे बघू लागले. आई भांडी आवरता आवरता थांबली. आणि एवढे महिने गिळून ठेवलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"पट्टी मी लावली होती, बाबा. सरांनी नाही. माप मी चुकीचं धरलं. सरांनी फक्त ते पकडलं."

बोलून झाल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. 

बाबांनी कात्रणाची घडी घातली. 

"मंग आता, गुरुजी?"

"आता बरोबर मोजून राहिलो. पन मले हात दोनच हायेत."

बाबा माझ्याकडे वळले. "मंग तू इथं कायले बसून राहिली?"

आईने विचारलं, त्या कागदाचं आता काय करायचं. बाबांनी पिशवी परत खिशात ठेवली. "फोटो तर तिचाच हाये ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गोंदियात होते. सरांनी एका सोनाराकडून पत्र्याचा तुकडा कापून घेतला होता, मधोमध नेमक्या मापाचं चौकोनी भोक. सेलवर तो पत्रा ठेवायचा, भोकातून पडेल तेवढाच उजेड, तेवढंच क्षेत्रफळ. मी पहिला सेल त्या पत्र्याखाली मोजला. आलेला खरा आकडा सरांनी त्याच दिवशी मोठ्या अक्षरात सूचना फलकावर लावला. तो बघून कुणी हसलं नाही. कुणी थांबून वाचलाच नाही.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात कष्टाची आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगली. खरा आकडा कळल्यामुळे कमी काय पडतंय तेही दिसू लागलं. तांब्याचा दरवान नीट होता. ऋण भाराच्या बाजूला, टिन ऑक्साइड आणि पेरोव्स्काइट जिथे टेकतात तिथे, इलेक्ट्रॉन अडकत होते. सरांनी कुठल्याशा निबंधात वाचलं होतं की टिन ऑक्साइडमध्ये थोडं पोटॅशियम क्लोराइड मिसळलं तर ती जागा भरून निघते. आम्ही आमच्या हवेत, आमच्या टाकीत ते करून पाहायचं ठरवलं. मी घरी फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हंजे पोटॅश? ते तर आमी धानाले देतो." मी म्हटलं, हो, तेच, फक्त फार थोडं. किती थोडं, हे शोधण्यात एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. कमी पडलं की उपयोग नाही, जास्त झालं की थर फुटतो. वहीत पुन्हा 'आज नाही'च्या रांगा. पण आता दर दहा-पंधरा पानांनी आकडा एखादं पाऊल वर सरकत होता, आणि पत्र्याखाली मोजलेला असल्यामुळे वर गेलेला खाली येत नव्हता.

काही सेल आम्ही खोलीच्या छपरावर, काचेखाली बंद करून उन्हापावसात ठेवले होते. तुलनेसाठी केलेले परदेशी भुकटीचे थोड्याच दिवसांत पिवळे पडले, म्हणजे मेले. आमचे काळेच राहिले. मडावी भाऊंना पेरोव्स्काइट म्हणता यायचं नाही, ते 'पेरू' म्हणायचे. रोज सकाळी शिडी चढून बघायचे आणि वरूनच ओरडायचे, "सरजी, पेरू कारा हाये!" फक्त कचारगडच्या जत्रेला गेले की ते चार दिवस शिडीवर मी चढायची.

मग सर निवृत्त झाले. निरोप समारंभात लोक त्यांच्याबद्दल गोड बोलले. सर उठले आणि म्हणाले, "मले भाषन येत नाही. मागच्या खोलीची एक चावी माह्याजवळ राहू द्या." प्राचार्य थोडे गोंधळले, पण सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. चावी राहिली. आठवड्यातून तीन दिवस सर सायकलने येत राहिले, पगाराशिवाय, पूर्वीच्याच वेळेला.

पत्र्याखाली मोजलेला आमचा सर्वांत चांगला आकडा आला, तेव्हा सर म्हणाले, "आता दुसऱ्याले मोजू दे." दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत बाहेरचे सेल तपासून देतात. मी ते सेल पापडाच्या डब्यात, कापसात बसवून, रेल्वेने स्वतः घेऊन गेले. तिथल्या तंत्रज्ञाने डब्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. परत येऊन आम्ही वाट पाहू लागलो. मी दिवसातून दहादा मेल उघडायची. सरांनी एकदाही विचारलं नाही. ते पुढचे थर बसवत होते.

अहवाल आला तेव्हा शुक्रवार होता आणि सर शेतावर होते. मी फोन लावला. मागून मळणीयंत्राचा आवाज येत होता.

"सर, रिपोर्ट आला."

"थांब." ते यंत्रापासून लांब गेले असावेत. आवाज कमी झाला. "आपला किती होता?"

मी आमचा आकडा सांगितला. त्यांना तो पाठ होता हे मला माहीत होतं.

"त्यायचा किती?"

मी सांगितला. दशांश चिन्हानंतरचं पहिलं घर जुळत होतं. दुसऱ्या घरात किंचित फरक होता.

 मला वाटलं फोन कटला.

"सर?"

"आयकून राहिलो. परत सांग."

मी परत सांगितला. मग अजून एकदा.

"जुळला म्हन की," सर म्हणाले.  मग त्यांनी विचारलं, "आन त्या वापस घेतलेल्या पेपरातला आकडा? त्याच्याहून किती कमी हाये?"

मी वजाबाकी करून सांगितली. फार नव्हती, पण होती.

यंत्रावरून कुणीतरी त्यांना हाक मारली. सरांनी ओरडून 'आलो' म्हटलं.

"मंग सोमवारी येतो," ते मला म्हणाले. "जेवढं कमी हाये तेवढं काहाडू."